अदीबाईंची मराठी

कुणी कुणाला ‘जरा शुद्ध बोला’ म्हटलं की माझं अजून डोकं फिरतं. नातवंडं हसतात. म्हणतात, आजी, एवढं काय त्यात? त्यांना कसं सांगायचं! ज्या बाईमुळे माझं डोकं फिरतं ती आमच्या जिल्ह्याची नव्हती, मराठीही नव्हती. ती सिंधमधल्या सक्खरची. फाळणीत घरदार सोडून कराचीहून बोटीनं मुंबई, तिथून कल्याणची छावणी, छावणीतून परभणीत कापड विकणाऱ्या दिराकडे, आणि दिराशी कडाक्याचं भांडण करून थकल्या सासूला घेऊन आमच्या शाळेत, अशी ती येऊन पोचली होती. नवरा वाटेतच, छावणीत तापानं गेलेला. ती समोरच्या प्रत्येक बाईला ‘अदी’ म्हणायची. सिंधीत अदी म्हणजे बहीण. मुलींनी तेच नाव करून टाकलं. सगळं गाव त्यांना अदीबाई म्हणायचं.

मी त्या शाळेत लागले तेव्हा अदीबाईंना तिथं सात-आठ वर्षं झाली होती. वालूरपासून सहा कोसांवरचं गाव. एस.टी. फाट्यावर सोडायची, पुढे पायी. मुलींची शाळा तीन खोल्यांची. दारावरची पाटी मराठी होती, पण तिचा रंग उडाला की खालची जुनी उर्दू अक्षरं डोकं वर काढायची. निजामाचं राज्य गेलं, शाळेतली उर्दू गेली, पण हेडमास्तर तेच राहिले. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठीत सही करायची तर जीभ दातांत धरून करायचे. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. भित्र्या माणसांनी किती नुकसान केलं याचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. त्यात मीही आहे.

अदीबाई पहिल्यांदा गावात आल्या तेव्हा त्यांना कुणी घर दिलं नाही. रिकाम्या खोल्या होत्या, भरपूर होत्या. पण बाई सलवार-कमीज घालते, उजवीकडून डावीकडे लिहिते, म्हणजे ही मुसलमानीण, असं एकानं ठरवलं. दुसऱ्यानं सांगितलं, मासे खाते. तिसरा म्हणाला, पाकिस्तानातून आली, उगं कशाला पीडा. हिंदू म्हणून जिला तिकडून निघावं लागलं, तिला इकडे हिंदू असल्याचा पुरावा मागत होते! अदीबाई देवळाच्या पारावर सासूला टेकवून दिवसभर दारोदार हिंडल्या. शेवटी गावाबाहेरच्या धनगरवस्तीतली तुळसाबाई शेळ्या घेऊन परतताना पारापाशी थांबली. तिनं म्हातारीकडे बघितलं, अदीबाईंकडे बघितलं आणि म्हणाली, “माझ्या गोठ्याला लागून एक खोली हाय. शेरडांचा वास येतोय, चालतंय का?” अदीबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. तुळसाबाईनं म्हातारीचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं, तेवढं मात्र कळलं.

मराठी त्या तिथं शिकल्या. तुळसाबाईकडून, तिच्या सुनांकडून. त्यांच्याकडे एक फुटक्या कोपऱ्याची पाटी असायची. कानावर आलेला नवा शब्द त्या पाटीवर लिहायच्या, आपल्या लिपीत, उजवीकडून डावीकडे. आणि तो शब्द तीन वेगवेगळ्या माणसांशी बोलण्यात वापरल्याशिवाय पुसायच्या नाहीत. त्यामुळे भलतेच घोळ व्हायचे. ‘कोकलणं’ हा शब्द पाटीवर चढला त्या दिवशी त्यांनी हेडमास्तरांना अत्यंत आदरानं विचारलं होतं, “सर, तुमी सकाळपासून कामून कोकलायलात?”

सिंधीत ‘ळ’ नाही. त्या ‘तुलसाबाई’ म्हणायच्या. तुळसाबाईनं पहिले आठ दिवस ऐकून घेतलं, मग ओ देणंच बंद केलं. कितीही हाका मारा, ढिम्म. पंधरा दिवसांनी एका सकाळी गोठ्यातून स्वच्छ ‘तुळसाबाई!’ अशी हाक आली, तेव्हा ती हातातली धार सोडून धावत आली आणि तिनं अदीबाईंच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. भाकरीचंही तसंच. अदीबाई भाकरी लाटायला बसल्या तर तुळसाबाईनं लाटणं उचलून छपरावर भिरकावलं. “भाकरीला का लाटनं लावत असतेत? हातानं थापायची. हात हायती न्हवं?” लाटणं कित्येक दिवस छपरावरच होतं. अदीबाईंना भाकरी आली, पण शेवटपर्यंत एका बाजूनं जाड यायची आणि त्या ती जाड बाजू आधी खायच्या.

शाळेत त्यांना शिवण आणि हिंदीसाठी घेतलं होतं. मराठी आल्यावर तिसरीच्या वर्गाला मराठीचं पुस्तकही शिकवायला लागल्या. पायांत गावच्या चांभारानं केलेल्या पुरुषी वहाणा. त्या इतक्या करकरायच्या की मुली आवाजावरूनच गप्प व्हायच्या. रागीट होत्या. त्यांचा राग कशावर येईल ते सांगता यायचं नाही. मुलगी गणित चुकली तर काही नाही, पण शेजारणीचं चुकलं म्हणून हसली तर अख्खा तास उभी. हजेरीपटावर हेडमास्तर त्यांच्या नावापुढे कंसात ‘निर्वासित’ लिहायचे, कारण सरकारी फर्मानात तसं होतं. दर महिन्याला नवा हजेरीपट यायचा आणि दर महिन्याला अदीबाई तो शब्द खोडायच्या. एकदा हेडमास्तर काकुळतीला येऊन म्हणाले, “बाई, वरून इच्यारतील हो.”

“इच्यारू द्या,” अदीबाई कडाडल्या. “निर्वासित म्हंजे ज्याला वास न्हाई त्यो. मी हितं ऱ्हायलेय. तुमच्या डोळ्यांपुढं ऱ्हायलेय. सात वर्सं ऱ्हायल्यावर बी मी आलीच न्हाई व्हय तुमच्या गावात?”

आणि मी? मी पालमकडची, शेतकऱ्याची मुलगी. ‘हाय-न्हाई’ माझ्या आईच्या दुधातलं. पण शिक्षिका व्हायला शहरात गेले तेव्हा पहिल्याच दिवशी मी तोंड उघडलं आणि वर्ग हसला. त्या हसण्यानं माझी जीभ दोन वर्षांत साफ सोलून काढली. मी ‘आहे’ म्हणायला शिकले, ‘नाही’ म्हणायला शिकले, ‘फार’ म्हणायला शिकले. परत आले ती गुळगुळीत होऊन. मला त्याचा अभिमान होता, हे लिहिताना लाज वाटते.

अदीबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात पकडलं. मधल्या सुट्टीत वेलदोड्याचा चहा वाटीत ओतून देताना म्हणाल्या, “पोरी, तू मायशी बी असंच बोलतीस का गं? कागद वाचल्यावानी?”

मी म्हणाले, “नाही. घरी वेगळं बोलते.”

“मंग हितं घर न्हाई का?”

त्या हसल्या आणि चहा पुढे सरकवला. गंमत बघा, परमुलखातून आलेली बाई मला माझ्याच बोलीत डिवचत होती आणि मी तिला परक्यासारखं ‘होय, अदीबाई’, ‘बरं, अदीबाई’ म्हणत होते. तरी त्यांचा माझ्यावर जीव होता. मला ताप आला तेव्हा त्यांनी चार दिवस मला आपल्या खोलीत ठेवून घेतलं. म्हातारी सासू बाजेवरून सिंधीत काही पुटपुटायची आणि अदीबाई तुळसाबाईला सांगायच्या, “म्हातारी म्हनायलीय, ह्या पोरीला शेळीचं दूध द्या.”

मग राज्य पुन्हा बदललं. आमचा मराठवाडा मुंबईला जोडला गेला आणि नवे साहेब यायला लागले, तिकडचे, पश्चिमेकडचे. आम्हाला आनंदच होता. आपली भाषा आता राज्याची भाषा होणार, असं भाषणांतून ऐकलं होतं. कोणाची भाषा, ते भाषणात सांगत नाहीत. फर्मान आलं की ज्या शिक्षकांची मातृभाषा मराठी नाही त्यांची मराठीची परीक्षा घ्यायची. लेखी आणि तोंडी. आमच्या शाळेत अशा एकट्या अदीबाई.

साहेब आले ते पांढरेशुभ्र, शिस्तीचे. रागावणारे नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. लेखी पेपर अदीबाईंनी सुरेख सोडवला होता. तोंडी परीक्षेला नियमाप्रमाणे दुसरा परीक्षक हवा होता. हेडमास्तरांनी हात झटकले. म्हणाले, “साहेब, माझं मराठी कच्चं आहे. ह्या बाईंचं फार शुद्ध आहे, ह्यांना बसवा.” अशी मी अदीबाईंसमोर टेबलाच्या त्या बाजूला बसले.

“आपल्या गावाविषयी पाच वाक्ये सांगा,” साहेब म्हणाले.

अदीबाई ताठ बसल्या. चेहरा खुलला होता. गावाविषयी विचारलं होतं ना! “आमचं गाव लय मोठं न्हाई. वढा हाय, पर उन्हाळ्यात त्याला पानी नसतंय. मान्सं तोंडानं फटकळ हायत, पर...”

साहेबांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. “थांबा. ‘लय’ नव्हे, ‘फार’. ‘हाय’ नव्हे, ‘आहे’. ‘पर’ नव्हे, ‘पण’. पुन्हा सांगा.”

“आमचं गाव लय मोठं न्हाई,” अदीबाईंनी पुन्हा सुरुवात केली. मग थांबून विचारलं, “तुमाला समजंना का?”

“समजण्याचा प्रश्न नाही, बाई. शुद्धतेचा आहे. बरं, ते राहू द्या. ‘पाऊस’ शब्द घेऊन आत्ता चाललेली क्रिया सांगा.”

“पाऊस यायलाय.”

“‘यायलाय’ असं रूप मराठीत नाही.”

खिडकीतून आड दिसत होता. अदीबाईंनी तिकडे बोट केलं. “त्या चार बाया पानी शेंदायल्यात. बोलायल्यात बी. ऐका की. मराठी न्हाई तर काय बोलायल्यात त्या? इंग्रजी?”

हेडमास्तर हसायला गेले आणि साहेबांकडे बघून खोकले. साहेब माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ. “बाई, तुम्ही याच भागातल्या ना? तुम्हीच सांगा. हे रूप शुद्ध आहे का?”

मी नोकरीला लागताना आईनं मला एस.टी.त बसवलं होतं. माझे डोळे भरले तेव्हा पदरानं पुसत म्हणाली होती, ‘येडी का खुळी, रडायलीस कामून?’ ते ‘रडायलीस’ त्या क्षणी माझ्या कानात होतं. खरंच होतं. पण माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. आणि त्याहून खरं सांगायचं तर त्या वर्गाचं हसणंही कानात होतं. साहेबांना वाटलं असतं, हीही तसलीच.

“अशुद्ध आहे, साहेब,” मी म्हणाले.

त्यांनी शेरा लिहिला. ‘संभाषण असमाधानकारक. भाषा ग्रामीण व अशुद्ध.’ खाली त्यांनी सही केली, मग मी केली. अदीबाई माझ्या हाताकडे बघत होत्या. त्या ओरडतील असं मला वाटलं. त्या फक्त “बरं” म्हणाल्या आणि वहाणा करकरत बाहेर गेल्या.

मराठीचं पुरेसं ज्ञान नाही म्हणून, पुन्हा परीक्षा पास होईपर्यंत, त्यांना कामावरून कमी केल्याचा कागद आला. सात-आठ वर्षं ज्यांनी गावच्या मुलींना शिकवलं त्यांना गावची भाषा येत नाही, असं त्या कागदावर टंकलिखित होतं!

दुसऱ्याच दिवशी तुळसाबाई शाळेत आली. काठी दाराशी टेकवली आणि थेट हेडमास्तरांच्या खोलीत. “कोन हाय त्यो, ज्यानं माझ्या अदीला नापास केलंय?”

“अगं बाई, सरकारी काम असतंय ते...”

“म्या शिकिवलंय तिला. म्या! पयला शब्द म्या दिला. मंग मी बी नापास झाले का? सांगा की! माझी माय बी नापास, माझा बाप बी नापास. समदं गाव नापास करा आन् लावा शाळंला कुलूप!” मग तिची नजर माझ्यावर आली. “ही लेक तर पालमाकडची हाय म्हनं. हिची माय काय बोलती वो?”

हेडमास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी वह्यांचा गठ्ठा उचलून वर्गात निघून गेले. तो वर्ग रिकामा होता.

त्यानंतर अदीबाई घरी बसून गावच्या बायकांच्या चोळ्या आणि लेकरांच्या कुंच्या शिवायच्या. मशीन नव्हतं, सगळं हातानं. शाळा सुटली की मुली आपणहून त्यांच्याकडे हिंदी वाचायला जायच्या. ज्या लोकांनी एके काळी खोली नाकारली होती, त्यांच्या लेकी होत्या त्या. त्यांच्यातला एकही बाप साहेबांकडे अर्ज घेऊन गेला नाही, हेही लिहून ठेवते. “आमचं काय चालतंय सरकारपुढं,” असं म्हणायचे आणि पंचायतीत बिड्या ओढत बसायचे.

महिनाभर धीर गोळा करून मी एकदा गेले. त्या उंबऱ्यावर बसून चोळीला बाह्या लावत होत्या. मला बसायला पोतं दिलं, चहा दिला. वाटीत, नेहमीसारखा. मी म्हणाले, “अदीबाई, त्या कागदावर माझीही सही आहे.”

“ठावं हाय,” सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या. “अक्षर चांगलं हाय तुझं.”

मी चहा संपवला, वाटी विसळून पालथी घातली आणि निघाले.

सहा-सात महिन्यांनी परीक्षा पुन्हा लागली, या वेळी परभणीला. मी रजा काढली आणि न विचारताच फाट्यावर जाऊन उभी राहिले. त्या एस.टी.त माझ्या शेजारी बसल्या. परीक्षेच्या खोलीत साहेब तेच होते, शेजारी दुसरे एक गृहस्थ. दार उघडं होतं. मी व्हरांड्यातल्या बाकावर होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“आपल्या गावाविषयी पाच वाक्ये सांगा.”

“आमचे गाव फार मोठे नाही,” अदीबाई म्हणाल्या. “गावाजवळून एक ओढा वाहतो, परंतु उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. गावातील माणसे स्पष्टवक्ती आहेत. गावाच्या वेशीबाहेर धनगर समाजाची वस्ती आहे. त्या वस्तीत मला आश्रय मिळाला.”

एक मात्रा चुकली नाही. ‘ळ’ तर असा की पुण्याच्या बाईचा वाटावा. मग साहेबांचा खूश झालेला आवाज आला. “वा! केवढी सुधारणा! कोणी शिकवलं?”

“साहेब, तिसरीच्या क्रमिक पुस्तकात हे सर्व छापलेले आहे,” अदीबाई म्हणाल्या. “मी ते पुस्तक सात वर्षे शिकवीत आहे.”

त्या पास झाल्या. साहेबांनी बाहेर येऊन माझं अभिनंदन केलं, जणू मीच त्यांना घडवलं होतं. मी त्या अभिनंदनाला हात जोडले. हात जोडले मी! आजही ते हात तोडून टाकावेसे वाटतात.

परतीच्या एस.टी.त आम्ही शेजारी बसलो. बाहेर ज्वारीची रानं पळत होती. शेवटी माझा बांध फुटला आणि शहरात सोलून टाकलेली माझी जीभ आपोआप परत आली. “अदीबाई, तुमाला समदं येत व्हतं. मंग पयल्या बारीलाच असं कामून न्हाई बोललात? इतके दिवस कामून हाल काढले?”

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. “पहिल्या वेळी मला वाटले, ते मला विचारीत आहेत,” त्या म्हणाल्या. “ते पुस्तकाला विचारीत होते, हे मला उशिरा कळले. आपणही पुस्तकालाच विचारले असते तर मी पुस्तकातले सांगितले असते.”

आपण! मला त्या ‘पोरी’ म्हणायच्या, ‘तू’ म्हणायच्या. “अदीबाई,” मी त्यांचा हात धरला, “माझ्यासंगं असं नका बोलू.”

“का बरे?” त्यांनी हळूच हात सोडवून घेतला. “काही अशुद्ध बोलले का मी?”

त्यानंतर आम्ही चार वर्षं एका शाळेत काढली. त्या कामावर परत आल्या, कायम झाल्या. नव्या हजेरीपटावरचा तो शब्द खोडणं त्यांनी सोडलं नाही. मुलींशी, आडावरच्या बायांशी, हेडमास्तरांशी त्यांचं ‘हाय-न्हाई’ पहिल्यासारखंच चालू होतं. वर्गातून त्यांची आरडाओरड यायची, “कामून हसायलीस गं तिला?” फक्त मी समोर आले की त्यांची भाषा पोशाख बदलून यायची. “चहा घेता का? आपली प्रकृती कशी आहे?” चहा वाटीतून मिळायचा, वेलदोडा घातलेला. त्यात कधी कमी केली नाही. मी वर्गात आता माझ्या मुळच्या बोलीत बोलायला लागले होते, त्याबद्दल माझ्या कागदांत एकदा ताकीदही आली. मी ती ताकीद अदीबाईंना वाचून दाखवली, वाटलं, आता तरी हसतील. त्या म्हणाल्या, “आपण धीर सोडू नये.”

एवढा राग मी त्या साहेबांवर धरला, हेडमास्तरांवर धरला, बिड्या ओढणाऱ्या गावावर धरला. ते सगळे त्या रागाच्या लायकीचेच होते. पण अदीबाईंना त्यांच्यावर वाया घालवायला राग नव्हता. त्यांनी तो एकाच माणसासाठी नीट घडी घालून ठेवला होता, कारण बाकीचे परके होते.

माझी बदली झाली तेव्हा फाट्यावर पोचवायला अदीबाई आल्या आणि तुळसाबाईही आली. तुळसाबाईनं माझ्या ओटीत शेंगा ओतल्या आणि म्हणाली, “जा माय, नीट ऱ्हा.” तिनं मला केव्हाच माफ करून टाकलं होतं. अदीबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “पत्र लिहा,” त्या म्हणाल्या. “प्रकृतीची काळजी घ्या.”

एस.टी. सुरू झाली. मी खिडकीतून मान बाहेर काढली. त्या दोघी वळल्या होत्या आणि अदीबाई तुळसाबाईच्या खांद्यावर हात टाकून म्हणत होत्या, “चल गं, जल्दी चल. शेरडं वरडायल्यात.”

मला शेळ्यांचा आवाज काही आला नाही. इंजिनच्या घरघरीतून मला तेवढं ‘वरडायल्यात’ ऐकू आलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.